बागेंतील घुशी आणि त्यांच्यासाठीं सापळे

बागकामावरील इंग्रजी पुस्तकांत 'मोल' नांवाच्या प्राण्याचें प्रकरण बहुधा हटकून असतें. गुळगुळीत कापलेल्या हिरवळीवर रातोरात भुसभुशीत मातीचे ढीग उठवावे, फुलझाडांच्या वाफ्यांखालून बोगदे काढावे आणि स्वतः मात्र कोणाच्या दृष्टीस पडूं नये, अशी या प्राण्याची ख्याति आहे. आपल्याकडील एकादा हौशी गृहस्थ तें प्रकरण वाचतो, सकाळीं स्वतःच्या बागेंतहि तसेच ढीग पाहतो, आणि पुस्तकांत सांगितलेला उपाय जसाच्या तसा करूं लागतो. महिनाभर खटपट करूनहि ढीग कांहीं कमी होत नाहींत. याचें कारण सरळ आहे. तो मोल महाराष्ट्रांत मुळींच नाहीं. त्याचे जातभाई भारतांत हिमालयाच्या पूर्व भागांत आणि आसामकडील डोंगराळ मुलुखांत सांपडतात; सह्याद्रींत किंवा दख्खनच्या पठारावर त्यांची वस्ती नाहीं. मुंबई, पुणें, नागपूर येथील बागांतून माती उकरणारा प्राणी वेगळा, आणि तो म्हणजे घूस. घुशीचे ढीग मोलच्या ढिगांसारखे दिसतात, म्हणूनच इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनीं आपल्याकडील लहान जातीच्या घुशीला 'इंडियन मोल-रॅट' असें नांव दिलें. ढीग सारखे, पण ते करणारे प्राणी निराळे. आणि प्राणी निराळे म्हणून सापळेहि निराळे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

मोल हा उंदराच्या जातीचा नव्हे. तो कीटकभक्षी आहे. त्याचे पुढचे पाय फावड्यासारखे रुंद असतात, डोळे अगदीं बारीक असतात, आणि अंगावरील मऊ काळी लव मखमलीसारखी असल्यामुळें अरुंद बोगद्यांत त्याला पुढें आणि मागें सारख्याच सहजतेनें सरकतां येतें. त्याचें मुख्य अन्न गांडुळें. तो झाडांचीं मुळें खात नाहीं. गांडुळांच्या शोधांत बोगदा काढतांना मुळें उघडीं पडतात, एवढाच त्याचा अपराध. इंग्लंडच्या इतिहासांतहि या प्राण्याला स्थान मिळालें आहे. राजा तिसरा विल्यम याचा घोडा मोलच्या ढिगावर अडखळला, राजा खालीं पडला, आणि त्या दुखण्यांतून न उठतां १७०२ सालीं मरण पावला, असें सांगतात. त्याचे शत्रु पुढें पुष्कळ दिवस 'काळ्या मखमलीचा कोट घातलेल्या लहानशा सद्गृहस्था'च्या नांवानें पेला उंचावीत असत!

मोलसाठीं लावावयाच्या सापळ्यांत आमिष नसतें. आमिषाची जरूरच नसते, कारण मोल आपल्या कायमच्या बोगद्यांतून दिवसांतून अनेक वेळां जातो-येतो. मोल धरणारा कसबी मनुष्य ढिगाकडे लक्ष देत नाहीं. तो दोन ढिगांमधील जमीन लोखंडी सळईनें चांचपून पाहतो. सळई एकदम सैल खालीं गेली कीं तेथें बोगदा आहे असें समजतो. मग तेवढीच माती उकरून, कात्रीसारखा किंवा अर्ध्या नळकांड्यासारखा सापळा त्या बोगद्यांत बसवितो आणि उजेड आंत शिरूं नये म्हणून वरून गवताचें ढेकूळ ठेवतो. पूर्वीं तिकडे गांडुळांना स्ट्रिक्निन नांवाचें जालीम विष लावून बोगद्यांत टाकण्याची चाल होती. ब्रिटनमध्यें २००६ सालीं ती बंद करण्यांत आली, आणि तेव्हांपासून सापळ्यांचें महत्त्व अधिकच वाढलें.

आतां घुशीकडे वळूं. आपल्याकडे घुशीच्या दोन जाती मुख्यत्वें आढळतात. एक थोरली, वजनानें किलोभर किंवा त्याहूनहि अधिक भरणारी, अंगावर राठ केंस असलेली. दुसरी लहान, सुमारें पाव किलो वजनाची, आंखूड तोंडाची, परंतु उकरण्यांत थोरलीहून तरबेज. इंग्रजींतील 'बॅंडिकूट' हा शब्द तेलुगूंतील 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्करउंदीर, या शब्दावरून आला आहे; आणि चिडलेली घूस अंगावरचे केंस उभे करून गुरगुरूं लागली म्हणजे त्या नांवाची सार्थकता पटते. ही जात खरोखरीची उंदराची. तिचे पुढचे दांत आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणें तिला सुटत नाहीं. धान्य, कंदमुळें, कोंवळे कोंब, गोगलगाई, खेंकडे, स्वयंपाकघरांतील खरकटें, कांहींहि तिला चालतें. शेतांतील घूस तर बिळाच्या कोठारांत कणसेंच्या कणसें सांठवून ठेवते. तिचें अन्न जमिनीच्या वर असतें आणि रात्रीं तें मिळविण्यासाठीं तिला बाहेर यावेंच लागतें. म्हणून मोलचा सापळा जमिनीच्या पोटांत, आमिषावांचून. घुशीचा सापळा जमिनीच्या पाठीवर, आमिषासह. दोहोंतील हा भेद कळला कीं अर्धें काम झालें.

उरलेलें अर्धें काम म्हणजे बीळ खरोखर घुशीचेंच आहे कीं नाहीं याची खात्री करून घेणें. बागेंत बीळ दिसलें कीं त्यांत सापच असणार, असें पुष्कळांना वाटतें. परंतु साप बहुधा आयत्या बिळांत शिरतो, स्वतः बीळ खणीत बसत नाहीं. लहान घुशीचें बीळ दोन-तीन इंच रुंदीचें असून त्याच्या तोंडाशीं बारीक मातीचा ताजा ढीग असतो. घूस आंत असली म्हणजे पुष्कळदां ती बिळाचें तोंड आंतून मातीनें बुजवून टाकते. त्यामुळें उघडें बीळ तें वापरांतलें आणि बुजलेलें तें ओसाड, हा समज उलटा ठरतो. एका बिळाला अनेक तोंडें असतात. यासाठीं जुना व खात्रीचा मार्ग असा: एके दिवशीं संध्याकाळीं बागेंतील सर्व बिळांचीं तोंडें पायानें दाबून मातीनें बंद करावीं, प्रत्येकापाशीं एक काडी रोंवून खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें. जेथें ताजी माती वर आलेली असेल तेथेंच घूस राहते असें समजावें. वीस तोंडांपैकीं चार-पांचच उघडलेलीं आढळतात, आणि सापळेहि तेवढ्याच ठिकाणीं लागतात.

येथें एका निरपराध प्राण्याची बाजू मांडणें अवश्य आहे. 'मोल' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदां 'चिचुंद्री' असा केला जातो. दोघेहि कीटकभक्षी, तेव्हां दूरचें नातें खरें. परंतु चिचुंद्री कांहीं हिरवळीवर ढीग उठवीत नाहीं. ती भिंतीच्या कडेकडेनें चीं चीं करीत पळते, तिच्या अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास येतो, तोंड लांब व निमुळतें असतें, आणि झुरळें, किडे, अळ्या हें तिचें खाद्य. म्हणजे ती बागेची शत्रु नसून विनावेतन चाकरी करणारी राखणदार आहे. पिंजऱ्यांत तीच पुष्कळदां सांपडते, आणि घुशीचें पिल्लूं समजून मारली जाते. लांब सोंडेसारखें तोंड आणि मण्याएवढे डोळे दिसले कीं पिंजऱ्याचें दार तेथल्या तेथें उघडावें.

घुशीचा उपद्रव केवळ हिरवळ विद्रूप होण्यापुरता असता, तर कांहींनीं तो सोसलाहि असता. रताळीं, बटाटे, अळकुड्या, निशिगंधाचे कंद हे तर ती फस्त करतेच. नवीन लावलेल्या पपईच्या किंवा नारळाच्या रोपाचीं मुळें पोंखरून तें उभेंच्या उभें वाळवून टाकते. बागेंतून ती घराच्या जोत्याकडे सरकते. फरशीखालची माती काढते, कुंपणाची भिंत खचविते, सांडपाण्याच्या वाटेनें आंत येते.

परंतु मोठें भय आहे तें रोगाचें. घुशींच्या व उंदरांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरा नांवाचे जंतु ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत मिसळतात आणि पायाला असलेल्या लहानशा जखमेंतूनहि माणसाच्या शरीरांत शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत या रोगाची साथ उद्भवली होती. पावसाळ्यांत अनवाणी पायांनीं वाफे खणणारा माळी, आणि चिखलांत खेळणारीं मुलें, यांना हा धोका सर्वांत अधिक. बागेंत घुशी असतांना पावसांत काम केल्यावर ताप, डोकें आणि पोटऱ्या विलक्षण दुखणें, डोळे लाल किंवा पिवळे होणें, अशीं लक्षणें दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावें, आणि बागेंत घुशी आहेत ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी. वेळेवर ओळखल्यास या रोगावर औषध आहे; उशीर झाल्यास तो जिवावर बेततो.

प्लेगची गोष्ट तर महाराष्ट्राला सांगावयास नको. १८९६ सालीं मुंबईंत तो आला आणि पुढच्याच वर्षीं पुण्यानें त्याचा कहर भोगला. 'उंदीर पडूं लागले' हे शब्द ऐकतांच घरेंच्या घरें मोकळीं होत. तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें पसरतो, असें पॉल-लुई सिमॉं या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखवून दिलें. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांत आणि नंतर सुरतेस त्याची पुन्हां आठवण झाली. त्यांतून घ्यावयाचा धडा असा कीं, कांहीं कारण नसतां उंदीर किंवा घुशी आपोआप मरून पडूं लागल्या तर त्यांना हात न लावतां नगरपालिकेच्या आरोग्यखात्यास कळवावें. अशा वेळीं सापळे लावून आणखी घुशी मारूं नयेत. घूस मेली म्हणजे तिच्या अंगावरील उपाशी पिसवा माणसाकडे धांव घेतात. म्हणून अगोदर पिसवांचा नाश, मग उंदरांचा, हा क्रम आरोग्यखातें पाळतें.

सापळ्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला आपल्या ओळखीचा तारेचा पिंजरा: आंतील आंकड्याला आमिष, आमिष ओढतांच दार खालीं पडतें. बाजारांत मिळणारा साधा पिंजरा उंदरापुरता असतो. थोरल्या घुशीची शेंपटी दाराबाहेर राहते आणि ती मागें सरून निसटते. तिच्यासाठीं लांबी निदान दीड फूट हवी, तार जाड हवी, आणि पडलेलें दार आंतून उचकटूं नये म्हणून त्याला अडकण हवी. दुसरा प्रकार स्प्रिंगचा चाप. लाकडी फळीवरील हा चाप विल्यम हूकर नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८९४ सालीं पेटंट केला आणि आजहि तो जवळजवळ त्याच रूपांत विकला जातो. तो क्षणांत काम करतो. परंतु उंदराचा चाप घुशीला केवळ जखमी करतो, म्हणून मोठ्या मापाचा घ्यावा, आणि मुलांची बोटें, मांजराचे पंजे व पांखरें यांना अपाय होऊं नये म्हणून दोन्ही टोंकांस भोंक पाडलेल्या खोक्याखालीं ठेवावा. तिसरा प्रकार तंजावरकडील भातशेतांतला धनुष्य-सापळा: बांबूची लवविलेली कमान, दोरी आणि भाताचें आमिष. खर्च नाममात्र, पण तो लावावयास सरावाचा हात लागतो. चिकट गोंदाचे पुठ्ठे अलीकडे सर्रास विकले जातात. ते या यादींत धरूं नयेत. त्यांवर प्राणी तासन् तास तडफडत राहतो, आणि बागेंत तर पाली, बेडूक, चिमण्या हेच त्यांना अगोदर चिकटतात.

शहरांतील घराला पिंजराच सोयीचा. तो लावण्याची रीत मात्र बहुतेकांची चुकते. पिंजरा आणला, आमिष लावलें, वाफ्याच्या मध्यभागीं ठेवला, आणि सकाळीं रिकामा पाहून 'घुशी फार हुशार' असा शेरा मारला, येथेंच प्रयत्न संपतो. घूस नव्या वस्तूला बिचकते, हें खरें. परंतु तिचा बिचकणें मोडण्याचा उपायहि सोपा आहे. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचें दार तारेनें बांधून उघडेंच ठेवावें आणि आंत व तोंडाशीं थोडें थोडें खाद्य टाकावें. तें रोज सकाळीं नाहींसें होऊं लागलें कीं घूस सरावली असें समजावें, आणि मगच तार सोडून सापळा लावावा. अनेक बिळें असल्यास या दिवसांत सर्वच पिंजरे मांडून ठेवावे आणि एकाच रात्रीं सर्व लावावे. एक पिंजरा महिनाभर लावण्यापेक्षां पांच पिंजरे चार रात्रीं लावणें अधिक फलदायी होतें. घुशीची मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें आणि एका वेतांत सहा-सात पिलें सहज देते. आठवड्याला एक घूस धरणाऱ्याला तिच्या वाढीशीं बरोबरी करतां येत नाहीं.

जागा भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेची निवडावी. घूस उघड्यावरून चालण्याचें टाळते. मिशा भिंतीला घांसत ती ठरलेल्या वाटेनें जाते, आणि त्या वाटेवरचें गवत दबलेलें दिसतें. पिंजऱ्याचें तोंड त्या वाटेकडे असावें, तो डुगडुगूं नये, आणि तळाला थोडी माती पसरावी. आमिष वासाचें असावें: तेलांत तळलेलें भजें, भाजलेल्या खोबऱ्याची काप, शेंगदाण्याचा कूट लावलेला पोळीचा तुकडा, मांसाहारी घरांत सुका बोंबील. आमिष आंकड्याला घट्ट बांधावें, नाहीं तर तें हलक्या तोंडानें काढून घेतलें जातें. बागेंत इतरत्र गळालेलीं फळें किंवा पांखरांसाठीं टाकलेले दाणे असतील तर उत्तम आमिषहि व्यर्थ. तीं संध्याकाळीं उचलावीं. सापळा दिवेलागणीला लावावा आणि सूर्य वर येण्यापूर्वीं पाहावा. उन्हांत तारेच्या पिंजऱ्यांत प्राणी तळमळून मरतो, आणि दिवसा लावलेल्या पिंजऱ्यांत घुशीऐवजीं खारच सांपडते.

सांपडलेल्या घुशीचें काय करावें, हा प्रश्न आपल्या घरांतून खरोखर अवघड होऊन बसतो. ज्याला गणपतीचें वाहन म्हणून भाद्रपदांत मूर्तीच्या पायांशीं मांडतों, त्याच्या जातीचा प्राणी मारावा कसा, असें वडीलधारी माणसें म्हणतात. आणि मग पिंजरा पिशवींत घालून रात्रीं दुसऱ्या आळींत किंवा नदीकांठीं रिकामा केला जातो. या दयेंत दोन दोष आहेत. स्वतःची पीडा दुसऱ्याच्या दारांत टाकली जाते. आणि अनोळखी जागीं सोडलेली घूस बहुधा कुत्र्यांच्या किंवा कावळ्यांच्या तोंडीं जाते. पिंजरा बादलींत बुडविणें ही तर उघड क्रूरता होय. मुंबईंत महानगरपालिकेचा कीटकनाशक विभाग हें काम पाहतो. इतरत्र नगरपालिकेच्या आरोग्यखात्याकडे चौकशी करावी, आणि पिंजरा त्यांच्या हवालीं करावा. स्वतः हाताळावयाचा झाल्यास हातांत जाड मोजे घालावे, पिंजऱ्यावर गोणपाट टाकावें म्हणजे घूस शांत राहते, आणि नंतर पिंजरा साबणाच्या उकळत्या पाण्यानें धुऊन उन्हांत वाळवावा.

विषाचा मार्ग सोपा वाटतो, पण बागेंत तो शेवटचाच समजावा. झिंक फॉस्फाइडची गोळी खाऊन आजारी पडलेली घूस वांचली तर पुन्हां तें खाद्य शिवत नाहीं. मात्र कुत्रीं, मांजरें व लहान मुलें तें शिवतात. रक्त गोठूं न देणारीं विषें सावकाश काम करतात. मरणोन्मुख घूस उघड्यावर येते, गव्हाणी घुबड तिला उचलतें, आणि तेंहि त्या विषानें मरतें. बिळांत टाकावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराजवळ कधींहि वापरूं नयेत. त्यांतून निघणारा विषारी वायु जमिनींतील भेगांतून व भिंतींतून शेजारच्या खोलींत शिरतो, आणि अशा रीतीनें झोंपलेलीं माणसें दगावलीं आहेत.

सापळ्यानें घुशी धरल्या तरी काम पुरें होत नाहीं. रिकामें बीळ म्हणजे तयार घर. शेजारची घूस तें कांहीं दिवसांतच बळकावते. म्हणून शेवटची घूस सांपडल्यानंतर बिळें खणून काढावीं, त्यांत दगडगोटे व खडी ठांसून वर माती चोपावी, आणि जोत्यालगतच्या बिळांवर सिमेंट घालावें. कंदांच्या वाफ्याखालीं बारीक छिद्रांची जाळी अंथरावी. मोरीच्या व गटाराच्या तोंडांना लोखंडी जाळ्या बसवाव्या. विटांची रास, लांकडें, जुन्या कुंड्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच असाव्या. कंपोस्टच्या खड्ड्यांत शिजलेलें अन्न टाकूं नये, आणि कुत्र्याची थाळी रात्रीं बाहेर ठेवूं नये. धामण दिसली तर काठी शोधूं नये. घुशीच्या बिळांत शिरून पिलें खाणारा तिच्यासारखा दुसरा प्राणी नाहीं, ती बिनविषारी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला संरक्षणहि आहे. मुंगूस आणि घुबड यांनाहि असाच आसरा द्यावा. मांजराचा मात्र फारसा भरंवसा धरूं नये. पूर्ण वाढलेल्या घुशीपुढें तें पुष्कळदां माघार घेतें.

आसपासच्या चार घरांनीं हें काम एकाच आठवड्यांत केलें तर त्याचा लाभ टिकतो. एकट्यानें केलें तर कुंपणापलीकडून नवी घूस येत राहते. पावसाळा उतरला म्हणजे माती घट्ट होऊं लागते, ढीग स्पष्ट दिसतात, आणि सापळे पावसांत भिजत नाहींत. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराची झाडलोट होतेच. त्याच वेळीं बिळांचीं तोंडें बुजवून काड्या रोंवाव्या आणि पुढच्या आठवड्यांत पिंजरे लावावे. पुढें दर महिन्यास एकदां बागेच्या कडेनें फेरी मारून नव्या मातीचा ढीग कोठें दिसतो का एवढें पाहिलें म्हणजे पुरे. एका घुशीचें बीळ पहिल्याच आठवड्यांत ओळखणें हें तिचीं पिलें मोठीं झाल्यावर दहा पिंजरे लावण्यापेक्षां केव्हांहि सोपें आहे.